साखरपुड्याच्या अंगठीबद्दल आमचं उत्तर

ताई, नमस्कार. मुलीच्या साखरपुड्याची हिऱ्याची अंगठी तुम्ही दुसऱ्या पेढीवर तपासलीत, मशीनवर 75 टक्के आलं, आणि ‘22 कॅरेट सांगून 18 गळ्यात मारलं’ असं तुम्ही लिहिलंत. वाचल्याबरोबर तुमच्या बिलाची स्थळप्रत काढली.

अंगठी 18 कॅरेटचीच आहे आणि पैसेही 18 च्याच दराने लावलेत. पण ही गोष्ट तुम्हाला बिलातल्या बारीक अक्षरांतून कळायला नको होती. त्या दिवशी काउंटरवरच्या मुलाने तुम्हाला फक्त 22 चा भाव सांगितला. आमच्या फलकावरही 24 आणि 22 एवढेच दर होते. चूक आमची आहे, आणि मी तिला लहान म्हणणार नाही. माफी मागतो. आता 18 चा दर फलकावर वेगळा लिहिलाय.

फक्त ते सोनं ‘हलकं’ किंवा ‘भेसळीचं’ आहे, हे मनातून काढून टाका. मशीनवरचे 75 टक्के आणि अंगठीवरचा 750 हा आकडा एकच. हजार भागांत 750 भाग शुद्ध सोनं, बाकी तांबं-चांदीसारखे धातू. हिऱ्यांचं वजन वगळून तुमची अंगठी 4.200 ग्रॅम आहे, म्हणजे शुद्ध सोनं 3.150 ग्रॅम. तेवढ्याच वजनाच्या 22 कॅरेटमध्ये, म्हणजे 916 मध्ये, ते 3.847 भरलं असतं आणि दामही तसाच लागला असता.

पाटल्या, बांगड्या आम्ही 22 मध्येच करतो. हिऱ्याचं तसं नाही. तो सोन्याच्या चार बारीक नखांवर, म्हणजे पकडींवर, उभा असतो आणि 22 चं सोनं मऊ. पदराला, केसाला नख अडकलं की हळूहळू उघडतं. एका बाईंनी हट्टाने 22 मध्ये हिऱ्याची अंगठी करून घेतली होती. काही महिन्यांनी रुमालाच्या गाठीत रिकामं कोंदण घेऊन आल्या. हिरा कुठे पडला, त्यांना कळलंच नव्हतं. तेव्हापासून मी हिऱ्याला 22 वापरत नाही.

अंगठीच्या आतल्या बाजूला भिंगातून बघा: बीआयएसचं (भारतीय मानक ब्युरोचं) त्रिकोणी चिन्ह, 18के750, आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा स्वतःचा ओळख क्रमांक. तो बीआयएस केअर ॲपमध्ये टाकलात की शुद्धता दिसेल. तरीही शंका राहिली तर तुम्ही म्हणाल त्या हॉलमार्क केंद्रात तपासू, खर्च आमचा. 750 पेक्षा कमी निघालं तर नियमाप्रमाणे फरकाच्या दुप्पट रक्कम देऊ.

आणि 18 कॅरेट नकोच असेल, तर अंगठी आणि बिल घेऊन या. घडणावळीसकट सगळे पैसे परत देतो. काउंटरवर कुणाला काही सांगत बसू नका, थेट मला हाक मारा.