विमान स्वतःचं असलं तरी व्हिसा लागतो!

खासगी विमानाने येणाऱ्या परदेशी पाहुण्यालाही भारताचा व्हिसा लागतो. लागतो म्हणजे लागतो! मुंबई विमानतळावर कलिन्याला खासगी विमानांचं जे जनरल एव्हिएशन टर्मिनल आहे, तिथे हँडलिंगचं, म्हणजे आलेल्या विमानांची आणि पाहुण्यांची व्यवस्था बघायचं काम करताना हे सांगून सांगून माझा घसा बसलाय.

लग्नसराई आली की हा छळ ठरलेला. यजमानांच्या ऑफिसातून रात्री उशिरा फोन येतो. "मॅडम, पाहुणे उद्या सकाळी उतरतायत. डीजीसीएची परमिशन आलीये, वायए नंबर पाठवते." अहो, तो वायए नंबर म्हणजे विमान वाहतूक खात्याची, डीजीसीएची, परवानगी, ती विमानाला मिळालीये! आत बसलेल्या माणसांचं काय? त्यांचे पासपोर्ट कुणी उघडून बघितलेत का? मग तिकडे सगळं चिडीचूप. आणि मग, "साहेबांचे पाहुणे आहेत हो, इमिग्रेशनला जरा बोलून घ्या ना."

काय बोलू मी? टी-टूवर, नेहमीच्या प्रवाशांच्या टर्मिनलवर, रांगेत उभ्या असलेल्या, पाठीवर सॅक घेतलेल्या पोरीला जो नियम, तोच कलिन्याला. ती बिचारी फॉर्म भरून, फी भरून येते. तुमच्या पाहुण्यांनी का भरायचा नाही?

"व्हिसा ऑन अरायव्हल, इथे उतरल्यावर, मिळतो ना?" मिळतो, जपान आणि दक्षिण कोरियाच्या लोकांना, काही अटींवर यूएईच्या. तुमचा पाहुणा स्विस आहे! त्याच्यासाठी ई-व्हिसा आहे, घरबसल्या ऑनलाइन अर्ज करता येतो. किमान ४ दिवस आधी करा, असं सरकारी साइटवर स्पष्ट लिहिलंय. पासपोर्टच्या पानाची पीडीएफ ३०० केबीच्या आत हवी, आणि हे लोक व्हॉट्सॲपवर तिरका फोटो टाकतात, अर्धा नंबर अंगठ्याखाली. कडेवरच्या बाळालाही वेगळा व्हिसा लागतो, हे कुणाच्या गावीही नसतं. पाहुणा मूळचा पाकिस्तानी असेल तर ब्रिटिश पासपोर्टवरही ई-व्हिसा होत नाही, साधा व्हिसाच काढावा लागतो आणि त्याला वेळ जातो. हे मला आदल्या रात्री कळून उपयोग काय?

वर हट्ट, की परदेशातून थेट शिर्डीला उतरायचं. ई-व्हिसावर ज्या विमानतळांवरून आत येता येतं त्या यादीत मुंबई आहे, पुणे आहे, नागपूर आहे. शिर्डी नाही. आधी मुंबईत शिक्का, मग दर्शन.

गेल्या सीझनला एक बाई तशाच आल्या. व्हिसा नाही, अर्जसुद्धा नाही. त्यांना परत जावं लागलं, आणि यजमानांच्या माणसाने सगळ्यांदेखत शिव्या घातल्या त्या आमच्या नव्या पोराला. बावीस-तेवीस वर्षांचा मुलगा, रात्रभर ड्युटी करून उभा. त्याची काय चूक? त्याने पासपोर्टच्या कॉप्या दोनदा मागितल्या होत्या, मेलला साधं उत्तर नव्हतं. मला आजही ते आठवलं की रक्त उसळतं.

कागदपत्रांशिवाय माणूस आणला तर २०००च्या कायद्यात आणणाऱ्या विमानवाल्याला माणशी १ लाख दंड होता. २०२५च्या नव्या कायद्यातही ही जबाबदारी आणणाऱ्यावरच आहे. ज्यांनी आणलं त्यांना विचारा ना!

यापुढे प्रत्येक पाहुण्याचा पासपोर्ट आणि व्हिसा माझ्या मेलवर आल्याशिवाय मी स्लॉटसाठी, म्हणजे विमान उतरवायची वेळ मिळवायला, फोन उचलणार नाही. साहेबांना सांगायचं तर खुशाल सांगा.