लॅपटॉप अचानक बंद पडला म्हणजे ‘पेस्ट सुकली’ असे नव्हे

एक संदेश सध्या बराच फिरतो आहे. त्याचा आशय असा: लॅपटॉप आपोआप बंद पडतो तो गरम झाल्यामुळेच, तापमान ८० अंशांवर गेले की प्रोसेसर जळायला लागतो, दरवर्षी थर्मल पेस्ट (प्रोसेसरची उष्णता त्याच्यावरच्या धातूच्या भागाकडे पोचवणारा लेप) बदला आणि भरपूर लावा, जाळीला व्हॅक्यूम क्लीनर लावा, कूलिंग पॅड घ्या, घाई असेल तर दहा मिनिटे फ्रीजमध्ये ठेवा. यातल्या काही गोष्टी अर्धवट खऱ्या आहेत, आणि नुकसान त्यांनीच जास्त होते. धडधाकट लॅपटॉप उघडला जातो आणि मूळ दोष तसाच राहतो.

‘बंद पडला म्हणजे गरम झाला.’ नाही. तापलेला प्रोसेसर आधी स्वतःचा वेग कमी करतो. पंखा जोरात फिरतो, काम रेंगाळते, आणि तरीही तापमान आवरले नाही तरच यंत्रणा बंद होते. कसलीही कुरकूर न करता, हलके काम चालू असताना, दिवा विझावा तसा लॅपटॉप बंद पडत असेल तर संशय आधी विजेवर घ्यावा.

विंडोजमध्ये इव्हेंट व्ह्यूअर उघडा, ‘विंडोज लॉग्ज’मधील ‘सिस्टिम’वर जा. तिथे ‘कर्नल-पॉवर’ची ४१ क्रमांकाची नोंद बहुधा दिसेल. ती पाहून अनेक जण घाबरतात, पण तिचा अर्थ एवढाच की मागच्या वेळी संगणक रीतसर बंद झाला नव्हता. कारण ती सांगत नाही. त्याच स्रोताची ८६ क्रमांकाची नोंद असेल तर मात्र उष्णतेमुळे बंद केल्याचा तो स्पष्ट पुरावा. ८६ नसली म्हणून उष्णता निर्दोष ठरत नाही. हार्डवेअरनेच थेट वीज तोडली तर नोंद लिहायला वेळच मिळत नाही.

म्हणून तापमान फाइलमध्ये नोंदवत ठेवा. एचडब्ल्यूइन्फोसारख्या प्रोग्रॅममध्ये दर २ सेकंदांनी सेन्सरचे आकडे फाइलमध्ये उतरवण्याची सोय असते. लॅपटॉप बंद पडला की पुन्हा सुरू करून फाइलच्या शेवटच्या ओळी बघा. प्रोसेसर ६०-६५ अंशांवर असताना बंद पडला असेल तर त्याची पेस्ट बदलून काहीही होणार नाही. ९८-१०० वर अडकलेला दिसला तर उष्णतेचा माग काढा.

मग तेच काम एकदा फक्त बॅटरीवर आणि एकदा चार्जर लावून करून बघा. फक्त बॅटरीवर बंद पडतो आणि तेव्हा चार्ज ३०-४० टक्के दाखवत असतो? बॅटरी थकली आहे. आतला रोध वाढला की भार येताच व्होल्टेज कोसळते. फक्त चार्जरवर बंद पडत असेल तर चार्जर, त्याची वायर आणि पिन तपासा, आणि लॅपटॉपला ६५ वॅट हवे असताना ४५ वॅटचा चार्जर तर लावलेला नाही ना, हेही. टचपॅड वर उचलला गेला असेल किंवा तळ फुगला असेल तर बॅटरी फुगली आहे: चार्जिंग थांबवा, बॅटरी दाबू किंवा टोचू नका, बदलून घ्या.

‘८० अंश म्हणजे धोका.’ बहुतेक लॅपटॉप प्रोसेसरची मर्यादा १०० अंशांच्या आसपास असते. काहींची ९५, काहींची १०५. पातळ लॅपटॉपमध्ये जड कामाच्या वेळी ८५ ते ९५ हे नेहमीचे आकडे आहेत. काळजी करावी ती काही काम नसतानाही ७५ च्या पुढे असेल तेव्हा, किंवा भाराखाली वेग मूळ वेगाच्याही खाली घसरत असेल तेव्हा.

‘दरवर्षी पेस्ट बदला, भरपूर लावा.’ पेस्ट बदलायची वेळ वर्षावरून ठरत नाही, तापमान कसे चढते त्यावरून ठरते. भार देताच दोन-तीन सेकंदांत ५० वरून १०० गाठले आणि बाहेर येणारी हवा मात्र कोमटच, तर उष्णता हीटसिंकपर्यंत (उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या भागापर्यंत) पोचतच नाही: पेस्ट सुकली आहे किंवा हीटसिंक नीट बसलेला नाही. दहा-पंधरा मिनिटांत हळूहळू चढत गेले आणि हवेचा झोत क्षीण असेल तर धूळ किंवा पंखा.

पेस्ट बदलायचीच असेल तर लॅपटॉप बंद करून चार्जर काढा आणि झाकण उघडताच सर्वांत आधी बॅटरीचा कनेक्टर सोडवा. जुनी पेस्ट ९० टक्क्यांच्या वरच्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. लॅपटॉपच्या प्रोसेसरवर सहसा धातूचे झाकण नसते, म्हणून पूर्ण चिप झाकेल असा पातळ थर द्या. जास्तीची पेस्ट दाबाने बाहेरच येते. हीटसिंकवर बहुधा १, २, ३, ४ असे आकडे असतात, त्याच क्रमाने स्क्रू थोडे थोडे आवळा. एक गोष्ट हमखास चुकते: थर्मल पॅडची (शेजारच्या चिपांवर बसवलेल्या, उष्णता वाहणाऱ्या मऊ पट्टीची) जाडी. ०.५ मिमीच्या जागी १ मिमीचा पॅड बसवला की हीटसिंक चिपवरून उचलला जातो आणि तापमान आधीपेक्षा वाढते. लिक्विड मेटल (पेस्टऐवजी लावला जाणारा द्रव धातू) नवख्याने वापरूच नये. ते विजेचे वाहक आहे आणि ॲल्युमिनियम खाते.

‘जाळीला व्हॅक्यूम लावा.’ धूळ जाळीवर कमी आणि पंखा व हीटसिंकच्या पात्या यांच्यामध्ये जास्त साचते, नमद्यासारखी. बाहेरून ओढून ती निघत नाही. तळ उघडा, पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा (मोकळी सोडली तर हवेच्या झोताने बेफाम फिरून बेअरिंग खराब होऊ शकते) आणि दाबलेल्या हवेचा डबा सरळ उभा धरून छोटे फवारे मारा. पंखा टकटक करत असेल किंवा अडखळत असेल तर स्वच्छता पुरत नाही, तो बदलावाच लागतो.

कूलिंग पॅडचा उपयोग तळातून हवा घेणाऱ्या लॅपटॉपला थोडाफार होतो. मागची बाजू २-३ सेंटिमीटर उचलूनही बराचसा तोच परिणाम मिळतो. फ्रीज मात्र कधीही नको. बाहेर काढताच थंड बोर्डावर दमट हवेतले पाणी साठते.

एक नेहमीचे कारण त्या संदेशात नाहीच. अनेक नवे लॅपटॉप झाकण लावल्यावर पूर्ण झोपत नाहीत. बॅगेत जागे होतात, अपडेट करत बसतात आणि तापतात. बॅगेत घालण्यापूर्वी हायबरनेट करा (चालू काम डिस्कवर साठवून लॅपटॉप बंद होतो) किंवा बंद करा.

प्रोसेसरची कमाल मर्यादा विंडोजच्या पॉवर प्लॅनमध्ये ९९ टक्के केली की टर्बो (गरज पडताच मूळ वेगाच्या वर जाण्याची सोय) बंद होतो. पर्याय दिसत असेल तर तात्पुरता वापरायला हरकत नाही. पण त्याने बंद पडणे थांबले म्हणून दोष उष्णतेचाच, असे ठरवू नका: विजेची ओढही त्याच वेळी कमी झालेली असते. निर्णय फाइलमधल्या आकड्यांवरूनच घ्या.