जुन्या अल्बमची साफसफाई : काही हितकारक सूचना

दिवाळीच्या आवराआवरीत माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली आली की तिच्यातला जुना अल्बम नुसता पुसून परत ठेवण्याची चूक आपण दरवर्षी करता. यंदा तो स्पर्धेच्या परीक्षकाच्या नजरेने तपासावा, ही नम्र विनंती.

सुरुवात आगफा क्लिक थ्रीने काढलेल्या फोटोंपासून करावी. त्या कॅमेऱ्यात १२० क्रमांकाच्या फिल्मच्या रोलवर बाराच चौकोनी फोटो निघत आणि फोकस बदलण्याची सोय नसे; तरीही उंबरठ्याशी उभ्या असलेल्या आजीला जवळून टिपण्याच्या हौसेपायी आजोबा दोन पावले पुढे सरकले आणि मागची भिंत स्पष्ट, आजी मात्र धूसर, असा प्रकार झाला. आजीचा दुसरा फोटो घरात नाही, ही सबब परीक्षणात ग्राह्य धरता येत नाही. भिंत उत्तम आली आहे. हवी तर तेवढी कापून ठेवावी.

रंगीत फोटोंचा प्रश्न सोपा आहे. त्या काळच्या बऱ्याच कागदांवरचा निळसर-हिरवा रंग बंद अल्बममध्येही विरत जाई, त्यामुळे मावशीच्या लग्नातले सगळे वऱ्हाड आता तांबूस दिसते. संगणक तिच्या शालूला क्षणात हवा तो रंग देतो. मूळ रंग सांगायला मावशी आता नाही, पण संगणकाचे त्यावाचून काही अडत नाही. मुंजीच्या फोटोत कोपऱ्यात आलेले काकांचे बोट मात्र निर्दयपणे पुसावे, कारण एरवी सतत कॅमेऱ्यामागे असणारे काका अख्ख्या अल्बममध्ये एवढेच आले आहेत, असला हळवा युक्तिवाद घरातले कोणी ना कोणी करणारच.

(फ्रेंच संशोधक निसेफोर निएप्स यांनी १८२६-२७ च्या सुमारास खिडकीतून टिपलेला, आज उपलब्ध असलेला सर्वांत जुना कॅमेऱ्याचा फोटो टेक्सासमध्ये जपून ठेवला आहे. त्यात एक छप्पर धड दिसत नाही. तो अजून कोणी डिलीट कसा केला नाही, हे कळत नाही.)

आजीचा फोटो आपल्याला अगदीच टाकवत नसेल, तर तिचा चेहरा कृत्रिम बुद्धिमत्तेकडून रेखीव करून घ्यावा. सुरकुत्या जातील, नाक किंचित वेगळे येईल, पापणीचा केस न् केस मोजता येईल. ती प्रत मोठी करून दिवाणखान्यात लावावी. आई तिच्यासमोर थबकून "या कोण?" असे विचारील, तेव्हा तिला पिक्सेलची संख्या सांगावी.