सारे पराक्रम रात्रीचेच

शिवकाळावर हाताने रंगवलेली चित्रकथा काढायला बसणाऱ्याला लोक दाढीमिशांची, पगड्यांची आणि वंशजांची भीती घालतात. अंधाराबद्दल मात्र कोणी अवाक्षर काढत नाही. लाल महालावरचा छापा एप्रिल १६६३ मधल्या रात्रीचा, पन्हाळ्याच्या वेढ्यातून महाराज निसटले ती १६६० च्या आषाढातली रात्र, आणि तानाजी मालुसरे कोंढाण्याचा कडा चढले तेही ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्रीच. गनिमी काव्याच्या दृष्टीने हे सर्वथा योग्य होते. परंतु शत्रूला काही दिसू नये ही व्यवस्था साडेतीनशे वर्षांनंतरच्या चित्रकारालाही लागू पडेल, हे कोणाच्या ध्यानात आले नसावे.

जलरंगात नुसता काळा फासला की रात्र निर्जीव दिसते, म्हणून मी प्रशियन निळ्यात बर्न्ट सिएना मिसळून अंधार तयार करतो. त्यावर एका जाणकार स्नेह्यांनी असा आक्षेप घेतला, की हा निळा अठराव्या शतकाच्या आरंभी बर्लिनमध्ये जन्माला आला, तेव्हा शिवकालीन रात्रीला तो चालणार नाही. थर वाळवायला लावलेला विजेचा पंखा चालेल का, हे विचारण्याचे मी टाळले.

पन्हाळ्याच्या प्रसंगात तर पालख्या दोन. एकीत महाराज आणि दुसरीत त्यांच्यासारखे दिसणारे शिवा काशीद. दोघांतला फरक वाचकाला कळला पाहिजे, सिद्दी जौहरच्या माणसांना कळता कामा नये, आणि हे सगळे भर पावसात, मशालीवाचून. त्यातून ती आषाढी पौर्णिमा. चंद्र ढगाआड ठेवावा तर पंचांग जाणणारे वडीलधारे तिथीची आठवण करून देतात. बाहेर काढावा तर शेजारची मुले विचारतात, ‘‘मग पहारेकऱ्यांना पालखी दिसली कशी नाही?’’ कोंढाण्याची माघ वद्य नवमी त्या मानाने सुसह्य, कारण मध्यरात्रीपर्यंत चंद्र उगवण्याचा प्रश्नच येत नाही.

एवढ्या कष्टाने साधलेला अंधार लोकांपर्यंत पोहोचवणे हे आणखी निराळे संकट होय. फोनच्या कॅमेऱ्याला अंधाराचे वावडे असल्यामुळे तो आपण होऊन नाइट मोड लावतो, आणि घोडखिंडीच्या वाटेवर सायंकाळी पाचचे ऊन पडते. ते सारे मुकाट्याने दुरुस्त करून चित्र नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप समूहावर टाकले, तेव्हा मावशींनी ‘‘फोटो उघडत नाही रे, काळंच दिसतंय’’ असे कळवले, आणि काकांनी, बहुधा चित्र न उघडताच, हात जोडून ‘‘जय शिवराय’’ म्हटले.

अखेरीस एक तरी प्रसंग लख्ख उजेडात रंगवावा, म्हणून मी ६ जून १६७४ चा रायगडावरचा राज्याभिषेक निवडला, पिवळ्या रंगाच्या ट्यूबा आणल्या आणि खात्री करून घ्यावी म्हणून जेधे शकावली, म्हणजे त्या काळातल्या घटनांचे तिथीवार टिपण, उघडली. महाराज सिंहासनावर बसले तेव्हा तीन घटका रात्र उरली होती, अशी तिच्यात नोंद आहे.