एक स्टार रिव्ह्यूला आमचं उत्तर : सेन्सर खोटं दाखवत नाही

नमस्कार सर,

आमच्या बिअर बनवायच्या सेटला तुम्ही एक स्टार दिलात : बिअर पातळ होते आणि तापमानाचा सेन्सर खोटा आहे म्हणून. शनिवारी तुम्ही दोनदा फोन केलात आणि आम्ही उचलला नाही, त्याबद्दल माफी मागतो. ग्राइंडर चालू होता, पण ते काही कारण नव्हे.

मात्र ‘सेन्सर दोन अंश खोटं दाखवतो, सरळ फसवणूक आहे’ हे जिव्हारी लागलं. तुम्ही सेन्सर उकळत्या पाण्यात धरलात, १०० ऐवजी ९८ दिसले. सर, पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंचावर आहे, इथे पाणी ९८च्या आसपासच उकळतं. मुंबईत समुद्राकाठी १०० दिसले असते. म्हणून आम्ही प्रत्येक सेन्सर बर्फाच्या चुऱ्यात धरून शून्यावर तपासतो. तुमचाही तपासला होता, मी स्वतः.

सोमवारी तुम्ही सेट घेऊन आलात तेव्हा तापमान राखणाऱ्या कंट्रोलरमध्ये सेन्सरच्या आकड्यावर +२ ची दुरुस्ती टाकलेली होती. म्हणजे स्क्रीनवर ६६ आणि मॅश, म्हणजे गरम पाण्यात भिजवलेला माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य), प्रत्यक्षात ६४ वर. तेवढ्या फरकाने बीटा अमायलेज हे स्टार्चची साखर करणारं एन्झाइम जास्त काम करतं, यीस्टला खाता येईल अशी साखर वाढते आणि बिअर पातळ, कोरडी होते. तुमची तक्रार नेमकी हीच आहे.

दुसरं, माल्ट तुम्ही पिठाच्या गिरणीतून दळून आणलात. माल्ट नुसता भरडायचा असतो, टरफल शाबूत राहिलं तरच वर्ट, म्हणजे माल्टचं गोड पाणी, त्यातून गाळून खाली येतो. पिठाचा थर बसला, पंप चालू असूनही प्रवाह अडला आणि वर्ट तापवायच्या ट्यूबमध्ये तो जागीच तापत राहिला. ट्यूब मी तुमच्यासमोर उघडली. आतल्या तापणाऱ्या एलिमेंटवर करपलेल्या साखरेची काळी खपली होती, नखाने टोकरून काढावी लागली. त्या साफसफाईचा एक रुपया घेतला नाही, हे रिव्ह्यूत आलं असतं तर बरं वाटलं असतं.

भोसरीच्या या गाळ्यात आम्ही तिघं काम करतो. तुमचा रिव्ह्यू वाचून कालच एकाने ऑर्डर थांबवली.

सेटसोबतच्या माहितीपत्रकात उकळत्या पाण्याचा मुद्दा आणि भरड कशी हवी हे आम्ही घालतोय, फोनचंही बघतो. तुम्ही दुरुस्ती शून्यावर आणा, पुढच्या बॅचचा माल्ट इकडे घेऊन या, मी भरडून देतो. पंप सुरू केल्यावर पहिली दहा मिनिटं व्हॉल्व्ह अर्धाच उघडा ठेवा. त्यानंतरही बिअर पातळ झाली तर हा रिव्ह्यू असाच राहू द्या.