अर्धा व्रण

कपाटाचं दार उघडं राहिलं होतं. खाली वाकून उठताना त्याचा कोपरा कपाळात घुसला. चार टाके पडले. टाके निघाल्यावर डाव्या भुवईवर गुलाबी, फुगीर रेघ उरली. मास्तरांनी लाल पेननं बरोबरची खूण करायला घ्यावी आणि मध्येच मत बदलावं, तशी.

जखम ओली असते तोवर लोक विचारपूस करतात. व्रण दिसला की थेट उपाय सांगतात. मावशी म्हणाली, "व्हिटॅमिन ईची कॅप्सूल टोचून लाव. महिन्यात नामोनिशाण राहत नाही." मी टाचणीनं कॅप्सूल फोडली. थोडं तेल कपाळाला लागलं, बाकीचं शर्टाला. चौथ्या दिवशी रेघेभोवती पुरळ उठलं. म्हणजे आधी एक रेघ होती, आता तिला समासही मिळाला.

मग शहाणा होऊन वाचायला बसलो. (हे कॅप्सूल फोडण्याआधी करायचं असतं.) १९९९ साली १५ रुग्णांच्या व्रणांचे दोन भाग करून एकाला साधं मलम आणि दुसऱ्याला तेच मलम व्हिटॅमिन ई घालून लावलं होतं. ९० टक्के जणांत व्हिटॅमिन ईनं एकतर काही फरक पडला नाही, नाहीतर व्रण आणखी वाईट दिसू लागला. तिघांत एकाला माझ्यासारखंच पुरळ उठलं.

त्यातला अर्ध्या व्रणाचा प्रकार मात्र मला भलताच आवडला. कांद्याच्या अर्काचं प्रसिद्ध जेल आणलं. नाकाकडच्या अर्ध्या भागाला जेल, कानाकडच्या भागाला साधी पेट्रोलियम जेली. आठ आठवडे नेमानं लावलं. शेवटी बायकोला विचारलं, "कुठला भाग बरा दिसतोय?" तिनं दिव्याखाली निरखून पाहिलं आणि म्हणाली, "कुठले भाग?"

अखेर डॉक्टरांकडे गेलो. ते म्हणाले, त्यातल्या त्यात सिलिकॉनची पट्टी लावा. रोज निदान १२ तास, दोन-तीन महिने. तिच्याखाली त्वचेतला ओलावा टिकतो आणि त्वचा कोलॅजनचा, म्हणजे व्रण भरणाऱ्या प्रथिनाचा, मारा जरा आवरता घेते, म्हणून फुगीर व्रण बसतो. पुरावा भक्कम आहे का? "फार नाही," ते प्रामाणिकपणे म्हणाले, "पण बाकीच्यांपेक्षा बरा. उन्हात जाताना सनस्क्रीन लावा, नाहीतर डाग काळा पडेल. आणि तसाही व्रण वर्षभरात आपोआप फिका होतोच."

हे शेवटचं वाक्य ट्यूबवर कुठेच छापलेलं नव्हतं. वर्षभर काहीही चोळलं तरी गुण येणारच. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ.

तरी पट्टी लावली. रोज सकाळी ती कपाळावर सोडून कुठेही सापडे. उशीवर, कानामागे, एकदा तर बायकोच्या गाऊनला. पट्टीचा एकही तास फुकट जाऊ नये म्हणून मी झोपेतही कपाळ वर करून पडायला शिकलो.

वर्षानं मावशी आली. चष्मा पुसून, माझी हनुवटी धरून तिनं कपाळ न्याहाळलं.

"बघ! खूणसुद्धा राहिली नाही. म्हटलं नव्हतं, कॅप्सूल लाव म्हणून?"

ती उजव्या भुवईकडे बघत होती. मी म्हटलं, "हो मावशी."