बाळंतपण कुणी करायचं?

आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सध्या एकच वाद पेटलाय. नर्सना दीड वर्षाचं मिडवाइफरीचं प्रशिक्षण देऊन नॉर्मल बाळंतपणं त्यांच्यावर सोपवायची, ही २०१८ची सरकारी योजना. कुणीतरी तिची बातमी टाकली आणि सांगलीचे डॉक्टर मामा उखडले, "म्हणजे पुन्हा सुईणीच्या हवाली!" खाली अंगठ्यांची रांग.

मामा, माझी दोन्ही बाळंतपणं इकडे नेदरलँड्समध्ये, आइंडहोव्हनला झाली, डॉक्टरचं तोंडही पाहावं लागलं नाही. इथली फरलॉसकुंडिग, म्हणजे मिडवाइफ, चार वर्षं शिकून येते. काही बिनसतंय असं वाटलं तर तीच हॉस्पिटलात धाडते. घरी आलं की क्रामझोर्खची, म्हणजे बाळंतिणीची घरी येऊन देखभाल करणाऱ्या सेवेची, बाई हजर. तिची कंबर धरू नये म्हणून पलंग आधीच ठोकळ्यांवर चढवलेला. पोट चाचपून गर्भाशय किती उतरलं ते बघायची, बाळाचा ताप वहीत लिहायची, मग बाथरूम घासायला घ्यायची. डिंकाचे लाडू घेऊन आलेली आई पुरती गोंधळली, "ही नर्स म्हणायची की कामवाली?"

(क्रामझोर्खला इथेही माणसं मिळत नाहीत, तास कापतात. हे मी ग्रुपवर लिहिलं नाही.)

आणि डॉक्टरांच्याच हाती सगळं सुरक्षित म्हणावं, तर २०१९-२१च्या पाहणीत देशातल्या खासगी दवाखान्यांत १००तली ४७ बाळंतपणं सिझेरियन का निघाली? महाराष्ट्रात २०१८-२०मध्ये लाख जन्मांमागे ३३ माता दगावल्या, देशात ९७. हा फरक काय नुसत्या स्पेशालिस्टांनी पाडला? माझी मावसबहीण जव्हारकडे कंत्राटी एएनएम, म्हणजे उपकेंद्रावरची नर्स, आहे. आदिवासी भागात तीन हजार वस्तीला एक उपकेंद्र, असा नियम. लसीकरण, सर्वेक्षण, रजिस्टरं, त्याच नोंदी पुन्हा ऑनलाइन, आणि रात्री कळा सुरू झालेली बाई. नर्सना मिडवाइफरी शिकवाच. पण शिकून आल्यावर त्यांना लेबर रूममध्येच ठेवणार, की लसींचा डबा देऊन पाड्यावर पिटाळणार? भांडायचं तर यावर भांडा.

हे सगळं मी तावातावाने लिहिलं. मामांनी ग्रुपवर उत्तर दिलं नाही, मला वेगळा मेसेज केला, "तूही सरकारी कॉलेजातूनच बीएस्सी नर्सिंग केलंस ना? ये परत. जागा रिकाम्याच आहेत."

मी मुलांच्या शाळेचं कारण दिलं. ते खोटं नाही. पण अकरा महिन्यांच्या कंत्राटावर मी जव्हारला गेले नसते, शाळा नसती तरी. मामांना ते ठाऊक आहे.